‘वेल्फेअर स्टेट’ हा शब्द खरंच एका आर्चबिशपने काढला का? विल्यम टेम्पलबद्दल कोणाला माहितीये?

पेठेतला पारायणी

नमस्कार मंडळी. राज्यशास्त्र ऑप्शनल घेऊन बसलोय, दुसरा अटेम्प्ट. क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये कल्याणकारी राज्याच्या धड्यात एकच ओळ आहे, “वेल्फेअर स्टेट ही संज्ञा आर्चबिशप विल्यम टेम्पल यांनी १९४१ मध्ये मांडली.” संपलं. पुढे लगेच बेव्हरिज रिपोर्ट १९४२, म्हणजे ब्रिटनमधल्या सामाजिक विम्याच्या योजनेचा अहवाल, आणि मग आपलं अनुच्छेद ३८. सरांना विचारलं तर म्हणाले एका मार्काचं आहे, पाठ कर आणि पुढे चल.

पण ते डोक्यातून जाईना राव. चर्चचा सगळ्यात मोठा माणूस, ज्याने लोकांना देवाचं न् परलोकाचं सांगायचं, तो पेन्शन आणि बेकारी भत्त्याच्या भानगडीत कुठून आला? की कुठल्यातरी प्रवचनात सहज बोलून गेला आणि आपण ऐंशी वर्षं झाली तरी पाठच करतोय? कोणी नीट वाचलं असेल तर सांगा. कॅथलिक आणि अँग्लिकन यातला फरकसुद्धा मला धड माहीत नाही, हसू नका, तिथपासून सांगितलं तरी चालेल.

मँचेस्टरवाला मामा

फरक आधी सांगून टाकतो, एका वाक्यात. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली तेव्हापासून इंग्लंडचं चर्च वेगळं, त्याचा प्रमुख राजा किंवा राणी, आणि धर्मगुरूंमध्ये सगळ्यात वरचा तो कँटरबरीचा आर्चबिशप. बिशप लोक लग्न करू शकतात. त्यातले काही थेट हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात बसतात. हे शेवटचं लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आता तुझी ओळ. अगदी खोटी नाही पण अर्धवट आहे. १९४१ च्या ‘सिटिझन अँड चर्चमन’ या पुस्तकात त्याने ‘पॉवर स्टेट’च्या जागी ‘वेल्फेअर स्टेट’ अशी मांडणी केली हे बरोबर, पण हीच जोडी त्याच्या १९२८ च्या व्याख्यानांतही सापडते. जर्मन भाषेत तर हा शब्द आधीपासून होता, १९३२ ला तिथला चॅन्सेलर फॉन पापेन तो शिवीसारखा वापरत होता, म्हणजे सरकारने लोकांना फुकट पोसायचं ठेवलंय अशा अर्थाने. तेव्हा ‘मांडली’च्या ऐवजी ‘इंग्रजीत रुजवली’ लिही. आणि गंमत अशी की ज्या बेव्हरिजच्या नावावर आपण सगळे हा शब्द खपवतो त्याला स्वतःला तो बिलकुल आवडायचा नाही.

मूळ अर्थही पेन्शनचा नव्हता. एक राज्य असं की ज्यात माणसं राज्यासाठी असतात, ताकद हेच त्याचं सार, आधी कैसर आणि मग हिटलर. दुसरं असं की जे माणसांसाठी असतं. वाद राज्य कोणासाठी यावर होता, कोणाला किती शिलिंग द्यायचे ते नंतर आलं.

माणूस कुठून आला म्हणशील तर अगदी वरच्या घरातून. जन्म १८८१, एक्सेटरच्या बिशपच्या वाड्यात. बाप फ्रेडरिक टेम्पल, तोही पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला, बापलेक दोघंही त्या गादीवर बसलेत असं हे एकच उदाहरण. पोरगा रग्बी शाळेत, मग ऑक्सफर्डचं बॅलिअल कॉलेज. शाळेतला दोस्त आर. एच. टॉनी, जो पुढे इंग्लंडमधला समाजवादी विचारांचा मोठा इतिहासकार झाला. बॅलिअललाच बेव्हरिज. आणि टॉनीने लग्न केलं बेव्हरिजच्या बहिणीशी, म्हणजे दोघं मेहुणे. बॅलिअलचे प्रमुख एडवर्ड केअर्ड पोरांना सांगायचे की शिक्षण झालं की लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जाऊन राहा आणि शोधून काढा की एवढी संपत्ती असलेल्या देशात एवढी गरिबी का आहे. बेव्हरिज आणि टॉनी गेले, टॉयन्बी हॉल नावाच्या तिथल्या समाजसेवेच्या केंद्रात राहिले. टेम्पलही त्या वस्त्यांमधल्या मिशनांमध्ये जाऊन येऊन असायचा. म्हणजे १९४२ ला जे वर आलं त्याचं बी चाळीस वर्षं आधी एकाच कॉलेजात पडलं होतं.

मग कामगारांच्या शिक्षणाची संस्था, वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन, १९०३ ला अल्बर्ट मॅन्सब्रिजने काढलेली. टेम्पल १९०८ ते १९२४ तिचा अध्यक्ष. टॉनी शुक्रवारी-शनिवारी रॉचडेल आणि लाँगटनला जाऊन गिरणीतल्या आणि कुंभारकामातल्या लोकांना अर्थशास्त्राचा इतिहास शिकवायचा. रॉचडेल माझ्या घरापासून ट्रॅमने जाता येतं, तिथे अजून जुन्या गिरण्यांच्या लाल विटांच्या भिंती उभ्या आहेत, आत आता फ्लॅट नाहीतर कार्पेटची दुकानं.

१९२१ ला टेम्पल इथेच मँचेस्टरला बिशप म्हणून आला. १९१८ ला तो लेबर पार्टीत गेला होता, हे त्या काळच्या धर्मगुरूला शोभणारं नव्हतंच. १९२६ चा कोळसा संप घे. सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मोडला पण खाणवाले महिनोन्‌महिने उपाशी अडून बसले, तेव्हा काही चर्चवाल्यांनी मध्यस्थी करायला बघितली, त्यात हा होता. पंतप्रधान बाल्डविन वैतागून म्हणाला, उद्या कारखानदारांच्या फेडरेशनने तुमच्या श्रद्धासूत्रात दुरुस्त्या सुचवायला घेतल्या तर चालेल का तुम्हाला? मध्यस्थी फसलीच. पण टेम्पल गप्प बसला नाही. १९३४ ला सरकारच्या तिजोरीत जरा शिल्लक पडायची चिन्हं दिसली तेव्हा तो यॉर्कचा आर्चबिशप होता, त्याने लोकांना जाहीर सांगितलं की खासदारांना पत्रं लिहा, इन्कम टॅक्स कमी करायच्या आधी बेकारांच्या भत्त्यातली कपात रद्द करा. अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन जाम चिडला.

हे सगळं करणारा माणूस दिसायला कसा, तर गोल गरगरीत, एका डोळ्याने जवळपास आंधळा, वातरक्ताचा म्हणजे गाउटचा पहिला झटका वयाच्या दुसऱ्या वर्षी, जन्मभर त्याने बेजार. आणि हसणं इतकं मोठं की अख्खी खोली दणाणायची म्हणे.

शरणपूरची

मामांनी राजकारण छान सांगितलं पण माणूस मुळात पाळक होता हो, ते राहूनच गेलं. मी नाशिकची, आमची मंडळी आधी अँग्लिकन, १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. पप्पा पाळक होते, त्यांच्या तोंडून टेम्पल साहेबांचं नाव लहानपणापासून ऐकलंय.

आधी एक किस्सा. १९०६ ला टेम्पल दीक्षा मागायला ऑक्सफर्डचे बिशप पॅजेट यांच्याकडे गेले तर त्यांनी नकार दिला. का, तर कुमारी मरीयेच्या पोटी जन्म आणि देहाचं पुनरुत्थान याबद्दल पोरगा पूर्ण खात्रीने हो म्हणेना. आर्चबिशपचा मुलगा असून! पुढे दोन वर्षांनी कँटरबरीचे रँडल डेव्हिडसन यांनी स्वतः समजून घेऊन त्यांना दीक्षा दिली. पप्पा म्हणायचे, ज्याला खोटं हो म्हणता आलं नाही तोच पुढे चर्चचा प्रमुख झाला, हे बरं झालं.

आता विचार. पारायणी दादा, तुमचा प्रश्न असा की परलोकवाल्याने इहलोकात का यावं. टेम्पल साहेबांचं उत्तर असं की सगळ्या मोठ्या धर्मांमध्ये ख्रिस्ती धर्म सगळ्यात जास्त भौतिकवादी आहे. ऐकायला उलटं वाटतं ना? पण त्यांचं म्हणणं, योहानाच्या शुभवर्तमानात “शब्द देही झाला” असं लिहिलंय. देवाने देह घेतला, भूक घेतली, सुताराचं काम केलं. मग देहाला जे जे लागतं, भाकरी, घर, मजुरी, ते देवाच्या कामाबाहेरचं कसं ठरवणार? प्रभुभोजनातही भाकर आणि द्राक्षारसच लागतो, दोन्ही माणसाच्या कष्टाने बनलेलं. म्हणून बेकारी हा त्यांच्यासाठी फक्त आकड्यांचा प्रश्न नव्हता. १९३३ ला त्यांनी लोक जमवले, त्यातून पिलग्रिम ट्रस्टचा ‘मेन विदाऊट वर्क’ हा अहवाल १९३८ ला आला. सहा ठिकाणी फिरून दीर्घकाळ बेकार असलेल्यांच्या घरी जाऊन बोलून केलेला. डेप्टफर्ड, लेस्टर, लिव्हरपूल, ब्लॅकबर्न, क्रूक आणि वेल्समधली ऱ्होंडाची खाणदरी. टेम्पल साहेबांना त्यातून जे टोचलं ते म्हणजे पैसा तर कमी पडतोच, पण आपली कुणाला गरजच नाही ही भावना माणसाला आतून खाते, आणि ती भत्त्याने जात नाही.

आणि मूळ पापाबद्दल त्यांनी लिहिलंय ते मला फार आवडतं. लहान बाळ डोळे उघडून बघतं तेव्हा क्षितिज त्याच्याभोवती गोल असतं, मध्यभागी ते स्वतः. आपण सगळे तसेच. मी जिथे उभा तिथून जग मोजायचं. हे पाप म्हणजे कोणी वाईट वागतो असं नाही, जागाच अशी आहे. त्यामुळे नुसती चांगली माणसं निवडून भागणार नाही. न्यायाला जे हवं तेच करायला माणसाचा स्वार्थ त्याला भाग पाडेल अशी घडी बसवणं ही राज्यकारभाराची कला, असं त्यांचं वाक्य आहे. म्हणजे साधुसंतांचं राज्य आणा असं नाही म्हणत ते. तुम्ही परीक्षा देताय, हे लिहा.

तर्कटराव

वाचतोय. थोडं मीठ टाकतो कारण आरती चालू झालीये.

जानेवारी १९४१, लंडनवर बॉम्ब पडतायत, टेम्पलच्या अध्यक्षतेखाली माल्व्हर्नला परिषद. रिचर्ड ॲकलंड नावाच्या तरुण खासदाराने ठराव आणला की उद्योगांची मोठी साधनं खासगी मालकीत असणं हा माणसाला ख्रिस्ती जगण्यात अडथळा ‘आहे’. भरपूर घासाघीस झाली आणि पास झाला तो ‘असू शकतो’ असा. आपल्याकडच्या सरकारी परिपत्रकांत ‘करण्यात यावे’चं ‘करण्याचा विचार व्हावा’ होतं ना, अगदी तसं. एका क्रियापदात क्रांती गारद. लेबर पार्टीत होता, समाजवादी दोस्त होते, तरी शेवटी माणूस सरकारी चर्चचा. त्याला नेमणारा चर्चिल, आणि चर्चिलच्या नावावर सांगतात की सहा पेन्सच्या बाजारात अडीच शिलिंगाची ही एकच वस्तू होती म्हणून घेतली.

दुसरं जास्त गंभीर. जर्मन शहरांवर रात्री सरसकट बॉम्बफेक चालू होती, त्याविरुद्ध हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये ९ फेब्रुवारी १९४४ ला बोलला तो चिचेस्टरचा बिशप जॉर्ज बेल. एकटा पडला. टेम्पल त्याचा मित्र, चर्चचा प्रमुख, तिथेच बसायचा अधिकार, पण सरकारची बाजू त्याने सोडली नाही. पॉवर स्टेट विरुद्ध वेल्फेअर स्टेट लिहिणारा माणूस, आणि पॉवरचा खरा प्रश्न आला तेव्हा कुठे होता?

मँचेस्टरवाला मामा

तर्कटराव, बेलचा मुद्दा मान्य. तिथे मलाही टेम्पल कमी पडला असंच वाटतं, त्यावर पांघरूण घालणार नाही.

पण त्याच सभागृहात २३ मार्च १९४३ ला तो काय बोलला तेही ठेवा समोर. नाझी ज्यूंना मारतायत याची खबर ब्रिटिश सरकारला होती, डिसेंबरमध्ये संसदेत निवेदनही झालं होतं, पुढे काही हलेना. टेम्पल उभा राहिला, अंगात गाउट, आणि म्हणाला की जे निसटू शकतात त्यांना ताबडतोब आसरा द्या, जमेल तेवढ्या मोठ्या प्रमाणावर, आपण या घडीला इतिहासाच्या, माणुसकीच्या आणि देवाच्या न्यायासनासमोर उभे आहोत. सरकारने पुढच्या महिन्यात बर्म्युडाला परिषद भरवली आणि तीतून जवळपास काहीच निघालं नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याने मुख्य रब्बी जोसेफ हर्ट्झ यांच्याबरोबर ख्रिस्ती आणि ज्यू लोकांची कौन्सिल उभी केली होती, तेव्हा अशी गोष्ट कोणी सहज करत नव्हतं.

आता ‘असू शकतो’बद्दल. तुम्ही त्याला घाबरटपणा म्हणता, मला त्यात थोडा घाबरटपणा आणि बराचसा सिद्धांत दिसतो. १९४२ ला त्याचं पेंग्विनने काढलेलं ‘ख्रिश्चॅनिटी अँड सोशल ऑर्डर’ आलं, खिशात मावेल एवढं, युद्धाच्या कागदटंचाईत लाखाच्या वर खपलं. पहिल्याच प्रकरणात तो बाल्डविनचाच प्रश्न घेतो, चर्चला लुडबूड करायचा हक्क काय? आणि पुढे पुलाचं उदाहरण देतो. इंजिनीअरला चर्च एवढं सांगू शकतं की बाबा पूल माणसांसाठी आहे, तो कोसळता कामा नये, आराखडा तेवढा पक्का आहे की नाही हे सांगायचा हक्क मात्र चर्चला नाही. खांब किती आणि गर्डर कुठला हे इंजिनीअरने ठरवायचं. पाळकाने खांबाचा हिशोब मांडायला घेतला तर हिशोबही चुकेल आणि उपदेशही फुकट जाईल. मालकी खासगी की सरकारी हा त्याच्या लेखी खांबाचा प्रश्न.

ही रेघ त्याने गंभीरपणे पाळली. पुस्तकाच्या मुख्य भागात फक्त तत्त्वं, माणसाचं स्वातंत्र्य, एकमेकांशी नातं, सेवा. स्वतःच्या ठोस सूचना त्याने मागे परिशिष्टात टाकल्या आणि स्पष्ट लिहिलं की हे माझं मत आहे, चर्चचं नाही, ख्रिस्ती माणूस याच्याशी असहमत असू शकतो. छापायच्या आधी हस्तलिखित टॉनीने वाचलं आणि केन्सने पण, हो तोच अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स. आणि मागणी काय होती बघा. प्रत्येक मुलाला माणसासारखं राहता येईल असं घर. समज येईपर्यंत शिक्षण. घर चालेल एवढी कमाई. कामगाराला धंदा कसा चालतो यात आवाज. आठवड्यात दोन दिवस सुट्टी आणि पगारी रजा. बोलण्याचं, जमण्याचं, उपासनेचं स्वातंत्र्य. आज आपण शनिवारी लोळत पडतो ना, तेव्हा ती आर्चबिशपची सूचना होती.

शाळांचंही तेच. शिक्षणमंत्री बटलरने त्याला चर्चच्या मोडकळीला आलेल्या शाळांची स्थिती दाखवली आणि याने ती मान्य केली, सगळ्या शाळा आमच्याच ताब्यात हव्यात हा हट्ट सोडला. स्वतःच्या माणसांचा रोष घेऊन. १९४४ चा शिक्षण कायदा त्यामुळे सुकर झाला आणि सरकारी माध्यमिक शाळा सगळ्यांना फुकट झाली.

आणि एक आपल्या कामाचं, पारायणी. बेव्हरिजचा जन्म बंगालमधल्या रंगपूरचा आणि टॉनीचा कलकत्त्याचा. बेव्हरिज १९१९ पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा डायरेक्टर आणि टॉनी तिथेच शिकवायचा. आपले बाबासाहेब १९२० ला परत जाऊन १९२३ ला डी.एस्सी. झाले ते त्याच काळात, त्याच इमारतीत. कोणी कोणाकडून काय घेतलं असा दावा मी करत नाही, क्लासवाले करतील, तू करू नकोस.

तर्कटराव

पुलाचं ठीक आहे मामा. पण बॉम्बर कुठे न्यायचा हा पण मग इंजिनीअरचाच प्रश्न का? तीच रेघ ओढून तो बेलच्या बाजूला उभा राहायचा टळला, माझं म्हणणं एवढंच. रेघ चांगली आहे, पण ती कुठे ओढायची हे कोण ठरवणार? बाल्डविनसमोर ती त्याने पुढे सरकवली, युद्धात मागे घेतली.

बाकी शनिवारच्या सुट्टीबद्दल आभारी आहे, लेबरला मत देणाऱ्या बिशपकडून एवढंच अपेक्षित होतं.

शरणपूरची

तर्कटराव, हा प्रश्न मीही पप्पांना विचारला होता, बेल साहेबांबद्दलच. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “टेम्पलला युद्ध लवकर संपायला हवं होतं आणि बेलला युद्धानंतरही जगायचं होतं.” मला ते तेव्हा कळलं नाही, आताही पूर्ण कळलंय असं नाही.

साहेबांना तर युद्धाचा शेवटही दिसला नाही. कँटरबरीला जेमतेम अडीच वर्षं. २६ ऑक्टोबर १९४४ ला वेस्टगेट-ऑन-सी इथे गेले, वय त्रेसष्ट. त्यांचं दहन झालं, अस्थी कँटरबरीला वडिलांच्या कबरीजवळ ठेवल्या. बेव्हरिजच्या अहवालावरचे कायदे नंतर आले, एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, १९४८ ला सुरू झाली. दक्षिण भारतात वेगवेगळ्या चर्चेसना एक करायच्या योजनेला त्यांचा पाठिंबा होता, इंग्लंडमधले कित्येक त्यावरून रागावले होते, ती मंडळी सप्टेंबर १९४७ ला एक झाली. तीही त्यांनी पाहिली नाही.

पेठेतला पारायणी

बाप रे. एका मार्काच्या ओळीत हे सगळं होतं होय.

मी नोट्समध्ये ती ओळ खोडून बाजूला लिहिलं, “१९२८ पासून वापर, १९४१ ला इंग्रजीत रुजवली, अर्थ : राज्य कोणासाठी.” सरांना दाखवलं तर म्हणाले १९४१ च लिही, आन्सर की मध्ये तेच असेल. आता परीक्षेत १९४१ लिहीन आणि मनात १९२८ ठेवीन, असू शकतो न् आहे सारखं.

ताई, ते मूळ पाप आणि स्वार्थाचं वाक्य निबंधाच्या पेपरला ठेवलंय. मामा, पुलाचं उदाहरण नीतिशास्त्राच्या पेपरला. तर्कटराव, तुमचा रेघेचा प्रश्न मी इंटरव्ह्यूला कोणी विचारू नये अशी प्रार्थना करतोय. ते पेंग्विनचं पुस्तक इकडे कुठे मिळेल का? अप्पा बळवंत चौकात दोन दुकानांत विचारलं, एकाने टेम्पल म्हटल्यावर अष्टविनायक गाईड काढून दिलं.

शरणपूरची

हा हा. पप्पांच्या कपाटात एक जुनी प्रत आहे, पानं पिवळी, हात लावला की कोपरे तुटतात त्यामुळे पाठवता येणार नाही. रविवारी उपासनेनंतर वेळ काढून फोटो काढते आणि इथे टाकते. आधी शेवटचं परिशिष्ट वाचा, मग पहिलं प्रकरण. समासात पेन्सिलने मराठीत काही लिहिलंय ते पप्पांचं, पुलाच्या पानावर मोठं प्रश्नचिन्ह आहे.